चेन बदलताना

ठेव इथे. पालथी नको, पोट वर.
दात शाबूत आहेत हिचे, रनर तेवढा ढिला,
पण पुण्याला चाललीस तर अख्खी चेनच बदलतो.
गाडी चारला ना? मग बस त्या डब्यावर.
ठसका लागला तर तोंड तिकडे फिरव,
आज मिरचीची आवक आहे बाजारात.

दगा वायरमनची मधली ना तू? हर्षाली.
तुझ्या बापानं माझ्या दुकानात फुकट बल्ब लावला होता.
दुकान म्हणजे हे. कडुनिंब आणि वर ताडपत्री.

सतरा वर्षं सुरतेला होतो, उधन्यात,
बॅगांच्या कारखान्यात. रोज दोनशे चेना.
आता दोंडाईच्यातून जो बाहेर पडतो
तो माझ्या हाताखालून जातो.
म्हणजे बॅग जाते. माणसाचं मला काय ठाऊक.

परत येते तेव्हा मात्र बॅग बोलते.
पवारांच्या भटूची आली मागच्या दिवाळीला,
खालच्या कप्प्यात चाव्या. मोजल्या, नऊ.
घरमालक डिपॉझिट देईनात,
हा चावी देईना.
नऊ कुलपं नवीन घ्यावी लागली असतील त्या शहराला.

आणि ती कोकिळा, शाळेच्या शिपायाची,
तिची चेन तर कापडासकट झिजलेली.
म्हटलं, इतका प्रवास करतेस?
म्हणे, नाही काका, कुठेच जात नाही.
पुढच्या महिन्यात परतायचंच आहे म्हणत
सहा वर्षं बॅगेतूनच काढून कपडे घातले.

तेव्हा एवढं कर,
पोचशील त्याच रात्री ही रिकामी कर.
कपाट नसेल, खिळा असेल. खिळा नसला तर खुर्ची.
बॅग खाटेखाली सरकव, तोंड भिंतीकडे.

बाकी काय, आवाज असेल.
चौथ्या रात्री तो ऐकू येईनासा होतो,
पाचव्या रात्री त्याचीच भीती वाटते.
किती लांब विचारलंस तर मिनिटं सांगतील.
ती खरी धरू नको.
शेजारीण दार लावून घेईल, राग मानू नको,
तिचीही झोप राहिली असेल.
भाजीत साखर लागेल. पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी येईल,
कुणी विचारलंच तर तिखट लागलं म्हण.

'तठे' म्हणालीस की एखादी हसेल.
मग तू दोन दिवस बोलणार नाहीस,
तिसऱ्या दिवशी 'तिथे' म्हणशील.
म्हण. पगार तिथेच होणार आहे.
पण फोनवर आईशी 'तिथे' म्हणू नको, माय,
ती घाबरेल.

रविवार सांभाळ.
सकाळ धुण्यात जाते, संध्याकाळ कशीही जाते,
दुपारी तीनला काय करायचं ते आधी ठरवून ठेव.
मी उधना स्टेशनच्या बाकावर जाऊन बसायचो.
भुसावळकडे जाणारी गाडी यायची,
उतरणाऱ्यांच्या बॅगा बघायचो. कामाच्याच नजरेनं, दुसरं काही नाही.
चढायचो नाही.
एकदा चढलो होतो. नंदुरबारला उतरून मागे फिरलो.
ते सोड.

हं, झाली.
आत एक चोरकप्पा शिवलाय, अस्तराच्या मागे.
त्यात पैसे ठेवू नको, चोर पहिलं तिथेच बघतात.
मग काय ठेवायचं?
मला काय विचारतेस. कप्पा आहे, एवढंच.

सत्तर रुपये.
हो, पूर्ण सत्तर. वायरमनच्या मुलीलासुद्धा.
पन्नास म्हणतेस?
तोंड न लपवता म्हणतेस?
आण पन्नास. तुझी काळजी
वीस रुपयांनी कमी झाली.

ही मेणबत्तीचा तुकडा घे, महिन्याकाठी दातांवर घास.
आता लाव बघू एकदा.
ओढू नको अशी, हिसका देऊ नको.
एका हातानं कापड धर.
हं. आता हळू.